आधी अर्थ बघा

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी ही गाडी टॅक्सी म्हणून धावू शकत नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. ती भरली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून बरेच लिहून आले. कोणी तिच्या काळ्या-पिवळ्या रंगावर लिहिले, कोणी टपावरच्या कॅरिअरवर, कोणी बाहेरच्या बाजूला लावलेल्या मीटरवर. तिच्या दिव्यांवर मात्र फारसे कोणी लिहिले नाही. श्रोतेहो, आज या पंधरा मिनिटांत मी त्या दिव्यांविषयी बोलणार आहे.

मी कवितेचा माणूस. पण माझे बालपण कुर्ल्यात गेले. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना त्याच कुर्ल्यात होता. पद्मिनी तिथलीच. माझे चाचा टॅक्सी चालवत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारींच्या वायरिंगची कामे करणारे एक उस्ताद बसत. फळकुटाचा एक बाक, बॅटरी भरायचे यंत्र आणि खिळ्याला टांगलेली वायरींची भेंडोळी, एवढेच त्यांचे दुकान. शाळा सुटल्यावर माझा बराच वेळ त्या बाकावर जाई. जुन्या गाडीच्या दिव्यांविषयी मला जे कळते त्याचा पाया तिथे घातला गेला. पुढचे वाचनातून आले.

जुन्या गाडीचा हेडलाइट मंदावला की माणूस पहिल्यांदा बल्ब बदलतो. तेवढ्याने भागले नाही तर आणखी मोठा बल्ब बसवतो. वास्तविक दोष पुष्कळदा बल्बमध्ये नसतोच. तो बल्बपर्यंत येणाऱ्या वाटेत असतो किंवा बल्बपासून परत जाणाऱ्या वाटेत. ही वाट आज आहे तशीच का आखली गेली, याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असेल तर दोष लवकर सापडतो.

मोटारीला पहिले दिवे मिळाले ते घोडागाडीकडून. तेलाचे कंदीलच ते. वेग कमी होता तोवर ते पुरले. वेग वाढला तसा लांबवर पडणारा झोत हवा झाला. १८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन यांनी आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये आंरी मोआसाँ यांनी विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड तयार करण्याची रीत शोधली. ज्याने आंबे पिकवल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो, तेच हे कार्बाइड. त्यावर थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळतो. मोटारीसाठी असे दिवे करून लुई ब्लेरिओ या फ्रेंच माणसाने पैसा मिळवला आणि तो विमानांच्या प्रयोगांवर घातला. २५ जुलै १९०९ रोजी विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस तो हाच. आपल्याकडे मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम सुरू झाली, तेव्हा तिच्या शेजारून जाणाऱ्या बहुतेक मोटारी मात्र ज्योतीच्याच उजेडात चालत होत्या.

कार्बाइडच्या दिव्याचा एक गुण होता. तो बिघडला तर का बिघडला ते समोर दिसे. पाणी संपले असेल, कार्बाइडचा चुना झाला असेल किंवा बर्नरचे भोक काजळीने बुजले असेल. वीज आली आणि दोष डोळ्यांआड गेला.

मोटारीत वीज यायला उशीर लागला त्याची कारणे दोन. पहिले कारण म्हणजे, त्या काळच्या बल्बमधली कार्बनची तार खड्ड्यातल्या दणक्याने तुटे. दुसरे असे की, बॅटरी रात्रभर पुरत नसे आणि चालत्या गाडीत ती भरून घेण्याची चांगली सोय नव्हती. विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास टंगस्टनची चिवट तार काढून पहिली अडचण दूर केली. दुसरीवर चार्ल्स केटरिंग यांनी तोड काढली. त्यांनी १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला असा संच दिला की इंजिन सुरू करणे, ठिणगी देणे, दिवे लावणे आणि बॅटरी भरणे ही सगळी कामे विजेवर होऊ लागली. हँडल मारून गाडी सुरू करण्याचे दिवस तिथून सरू लागले. जर्मनीत बॉश कंपनीने १९१३ साली डायनामो, बॅटरी, रेग्युलेटर आणि हेडलाइट असा संच बाजारात आणला. आपल्या फियाटच्या बॉनेटखाली जे दिसे ते याच कुळातले.

आता मुद्द्याची गोष्ट. वीज बॅटरीतून निघून दिव्यात जाते आणि तिला परत बॅटरीत यावे लागते. फेरी पूर्ण झाली तरच दिवा लागतो. म्हणजे प्रत्येक दिव्याला दोन वाटा हव्यात. मोटारी करणाऱ्यांनी मात्र जायच्या वाटेसाठी तार ओढली आणि परतीसाठी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरला. तांबे वाचले, तारांचा गुंता निम्मा झाला. ही युक्ती मोटारीच्या आधीची. म्युनिकच्या कार्ल फोन श्टाइनहाइल यांना १८३८ साली आढळले की तारायंत्राला परतीची तार लागतच नाही. दोन्ही टोके जमिनीत पुरली तरी काम भागते. जमीनच परतीची वाट होते. तेव्हापासून विजेच्या परतीच्या वाटेला इंग्रजीत ‘अर्थ’ म्हणजे जमीन म्हणू लागले. रबरी टायरवर उभ्या असलेल्या मोटारीचा आणि जमिनीचा तसा काही संबंध नाही. पण नाव चिकटले ते चिकटले.

हा शब्द मराठीत आल्यावर माझ्यासारख्याला गप्प बसवत नाही. गॅरेजमधला पोरगा सहज म्हणतो, ‘दिव्याचा अर्थ सुटलाय.’ कवितेच्या कार्यशाळांमध्ये आम्ही तासन् तास जे सांगत बसतो ते तो तीन शब्दांत सांगून मोकळा होतो. शब्द बाहेर पडला, पण त्याला परत येऊन टेकायला जागा मिळाली नाही तर उजेड पडत नाही. असो.

या काटकसरीची किंमत मात्र पुढे मोजावी लागली. सांगाडा हीच वाट ठरली, तेव्हा सांगाड्याचा गंज हा विजेचा शत्रू झाला. पद्मिनीचा मूळ आराखडा इटलीतला, १९५३ साली आलेल्या फियाट ११०० चा. तो तुरीनमध्ये आखला गेला, समुद्रापासून दूर. कुर्ल्यात तयार झालेल्या गाड्या मात्र खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात वावरल्या. १९६४ साली आलेली ‘डिलाइट’ असो की १९७४ पासूनची पद्मिनी, हेडलाइट बसवलेला मडगार्डचा पत्रा चिखल आणि पाणी खात राही. पत्र्याला बाहेरून रंग, आत गंज. दिव्याची परतीची तार ज्या स्क्रूखाली दाबलेली असे तो स्क्रू वरून घट्ट दिसे आणि खाली गंजाची पूड साचलेली असे.

चाचांनी टॅक्सी सोडल्यावर एक जुनी फियाट घेतली होती. तिच्यातून आम्ही एकदा लग्नासाठी चिपळूणकडे निघालो. उस्तादही बरोबर होते. कशेडीच्या घाटात रात्र झाली आणि पाऊस लागला. तेवढ्यात उजवा हेडलाइट कंदिलासारखा तांबूस झाला. चाचांनी वळणावर इंडिकेटर दिला तर तो हेडलाइटही त्याच तालावर लुकलुकू लागला. चाचा म्हणाले, ‘बल्ब गेला वाटतं.’ उस्तादांनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि म्हणाले, ‘पहले अर्थ देखो, बाद में बल्ब को गाली दो.’ त्यांनी पिशवीतून हातभर वायर काढली. तिचे एक टोक हेडलाइटच्या परतीच्या तारेला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. दिवा एकदम लख्ख झाला. वायर तशीच बांधून आम्ही पुढे निघालो. दोन वळणांपलीकडे एक बंद पडलेला ट्रक मागचे दिवे न लावता उभा होता. तो आम्हाला वेळेवर दिसला, एवढेच सांगतो.

उस्तादांनी पाहिले काय? दोन्ही दिवे मंद असते तर त्यांनी आधी बॅटरी आणि डायनामो पाहिला असता. एकच दिवा मंद होता आणि तो दुसऱ्याच दिव्याच्या तालावर नाचत होता. याचा अर्थ, परतीची वाट बुजल्यामुळे वीज शेजारच्या दिव्याच्या तारेतून वाट काढायला बघत होती. डिपर लावला असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मंद पेटत असेल तर तीही हीच खूण. अशा वेळी नवा बल्ब आणला तरी तोही तांबूसच पेटणार. इलाज साधा असतो. तार सोडवायची, खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, पुन्हा घट्ट आवळायचे आणि वरून थोडे व्हॅसलीन लावायचे.

इथे एक सावधगिरी. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते हे फियाटच्या बाबतीत खरे. पण ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत धन टोक सांगाड्याला जोडण्याची पद्धत होती. म्हणून अनोळखी जुन्या गाडीत आधी कुठले टोक सांगाड्याला आहे ते पाहायचे. आणि बॅटरी सोडवताना सांगाड्याचेच टोक पहिल्यांदा काढायचे, म्हणजे पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

बाकीचे दोषही असेच जुन्या निर्णयांतून आलेले आहेत. सिग्नलला गाडी उभी राहिली की दिवे मावळतात आणि ॲक्सिलरेटर दाबला की उजळतात, हा डायनामोचा स्वभाव. इंजिन मंद फिरत असताना तो पुरेशी वीज देत नाही. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यावर अल्टरनेटर आला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने तो १९६० च्या व्हॅलिअंट गाडीत दिला आणि मग तो सगळीकडे पसरला. ज्या गाडीत अजून डायनामो आहे तिथे थोडे मावळणे चालायचेच. फार मावळत असेल तर पट्टा सैल आहे का, कार्बन ब्रश झिजले आहेत का आणि कटआउट नीट काम करतो का, हे पाहावे. उलट, बल्ब वरचेवर उडत असतील तर कटआउट वीज जास्त सोडतो आहे असा संशय घ्यावा. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साडेचौदाच्या वर आकडा जाऊ लागला तर बल्ब आणि बॅटरी दोघांचेही आयुष्य घटते.

ॲम्बेसेडरचा डिपर पायाशी होता. डावा पाय क्लचवरून उचलून ते बटण दाबायचे. सोय चांगली, पण चपलांचा चिखल आणि गळके पाणी त्याच बटणावर जाई. फक्त अप्पर लागतो आणि डिपर लागत नाही, किंवा उलटे, असे दोन्ही दिव्यांत एकदम झाले तर बल्बकडे न जाता आधी ते बटण बघावे. दोन बल्बमधली तीच तार एकाच क्षणी तुटण्याचा योग फार क्वचित येतो.

फियाटच्या फ्यूजची पट्टी चिनी मातीच्या बारक्या कांडीवरून बाहेरच्या बाजूने गेलेली असे. तिची टोके चिमट्यांत बसत. दमट हवेत त्या टोकांवर पापुद्रा धरे. कधी कधी फ्यूज उडालेला नसे, बोटाने नुसता फिरवला तरी दिवा परत येई. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून गाडी चालवणारे महाभाग मी पाहिले आहेत. फ्यूज उडाला म्हणजे पुढे कुठेतरी तार घासून पत्र्याला लागली आहे. चांदी लावल्याने ती तार बरी होत नाही. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ती स्वतःच जळते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र मोठ्या बल्बने केले. जुना बल्ब ४५/४० वॉटचा होता. अप्पर लावला की एका दिव्याला पावणेचार अँपिअर, दोन्हींना मिळून साडेसात. तारांची जाडी आणि स्विचची ताकद त्याच हिशेबाने ठरवली होती. युरोपात १९६२ साली मोटारीसाठी हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ साली अप्पर-डिपर एकत्र असलेला एच-४. तो ६०/५५ वॉटचा, म्हणजे जेमतेम दहा अँपिअर. पुढे आपल्या बाजारात १००/९० वॉटचे बल्ब आले आणि हौशीने बसवले गेले. दोन्ही मिळून सोळा-सतरा अँपिअर, त्याच बारीक तारेतून आणि त्याच म्हाताऱ्या स्विचमधून. स्विच तापतो, आतले प्लॅस्टिक वितळते, दहा मिनिटांनी दिवे आपोआप जातात आणि गार झाल्यावर परत येतात. कधी धूर येतो. गंमत अशी की एवढे करून उजेडही हवा तसा मिळत नाही. बल्बला पोचणारे व्होल्टेज दहा टक्के घटले की उजेड जवळपास तीस टक्के घटतो. म्हणजे तीस टक्के जादा उजेड हवा असेल तर तो पुष्कळदा वाटेत सांडलेला असतो. तारा, जोड आणि अर्थ साफ केले आणि बॅटरीपासून रिले घालून जाड तार ओढली की योग्य बल्बच पुरेसा होतो. समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत.

उस्तादांचे मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. ब्रेकच्या दिव्याचा २१ वॉटचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे. एक चिमटा सांगाड्याला लावून दुसरे टोक बॅटरी, फ्यूज, स्विच, डिपर, होल्डर असे एकेका मुक्कामाला लावत जायचे. जिथे उजेड कमी झाला त्याच्या अलीकडे दोष. मग उलटे करायचे. एक चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावायचा आणि दुसरे टोक दिव्याच्या परतीच्या तारेला. इथे बल्ब पूर्ण पेटला तर अर्थ ठीक, नाही तर दोष सापडला. ही रीत ऋण टोक सांगाड्याला असलेल्या गाडीची; धन टोक सांगाड्याला असेल तर टोकांची अदलाबदल करायची.

पुढे गल्लीत डिजिटल मीटर आला. एका तरुण मुलाने उस्तादांना विचारले की मीटर बारा व्होल्ट दाखवतो, मग दिवा का लागत नाही? उस्तादांनी एक जाड वायर घेतली, तिचे सगळे धागे कापून एकच ठेवला आणि त्यातून मीटर लावला. बारा व्होल्ट. मग त्याच धाग्यावर टेस्ट लॅम्प लावला. ओझे पडताच धागा तापू लागला. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे कुजलेला जोडही त्याला चांगला दिसतो. बल्ब ओझे टाकतो आणि ओझे पडल्यावरच जोडाचा कस लागतो. मीटर वापरायचा असेल तर दिवे चालू ठेवून वापरावा. त्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे बल्बच्या धन टोकाला लावावे. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वाटेत गळती आहे. परतीच्या वाटेचीही तीच परीक्षा.

नव्या गाड्यांना हे सगळे लागू नाही. त्यांचे दिवे संगणकाच्या हुकमावर लागतात आणि तिथे टेस्ट लॅम्प बेधडक टेकवला तर महागाचा भाग बिघडू शकतो. म्हणूनच नव्या मेकॅनिकला ही विद्या कोणी शिकवत नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. पण ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले म्हणून त्या गाड्या नाहीशा झाल्या नाहीत. फियाटी अजून लोकांच्या अंगणात आहेत. जुन्या जीपगाड्या आहेत, ट्रॅक्टर आहेत. रात्री रस्त्यावर त्या येतात तेव्हा त्यांचा दिवा लागतो की नाही हा प्रश्न त्यांच्या मालकापुरता राहत नाही. समोरून चालत येणाऱ्याचाही तो प्रश्न असतो.

मोटारीच्या इतिहासात केटरिंग आणि बॉश यांची नावे आहेत, ती असायलाच हवीत. बाकावर बसून त्या गाड्या पन्नास पन्नास वर्षे चालत्या ठेवणाऱ्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे पुस्तक म्हणजे त्यांचे हात. तुमच्या गावात असा कोणी म्हातारा वायरिंगवाला अजून बसत असेल तर एखादी दुपार त्याच्यापाशी घालवा. वही बरोबर न्या. कुठल्या खुणेवरून तो कुठला दोष ओळखतो ते त्याला विचारा आणि लिहून घ्या. आपल्या भाषेतला तो मजकूर अजून कोणी छापलेला नाही.